मदत हवी आहे: दर मार्चला एसीत गॅस भरावा लागतो, हे खरं का? (शिवाय गीझर आणि कूलर)

नमस्कार मंडळी,

आईबाबा नागपूरला, मी पुण्यात. घरातलं काही बिघडलं की मला ते फोनवर कळतं, तेही मेकॅनिक पैसे घेऊन गेल्यावर.

बेडरूममध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, पाच वर्षांचा. गेली तीन वर्षं मार्चमध्ये सर्व्हिसिंगला माणूस येतो, फिल्टर धुतो, फवारा मारतो आणि निघताना म्हणतो, "काका, गॅस कमी झालाय." गेले अडीच-तीन हजार. ऐन नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एसी बंद पडला तर, या धास्तीने बाबा देऊन टाकतात. यंदाही दिले. तरी गेल्या आठवड्यात आतल्या युनिटच्या कॉइलवर बर्फ धरला आणि पाणी गळायला लागलं. आईने खाली परात लावून मला फोटो पाठवला. बाहेर ४५ अंश आणि घरात बर्फ!

गीझरचं दुखणं हिवाळ्यातलं. १५ लिटरचा आहे, पाणी बोअरचं. डिसेंबरात चालू केला की मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा तडतडायचा, मग एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडायला लागला. उघडला तर पाणी तापवणारं एलिमेंट ओळखू येईना, वेटोळ्यांमधल्या फटी पांढऱ्या दगडाने बुजलेल्या. टाकीतून वाटीभर खपल्या निघाल्या. दोन हिवाळ्यांत हे दुसरं एलिमेंट.

हॉलमधल्या लोखंडी कूलरची तशी तक्रार नाही. आईचा विश्वास त्याच्यावरच. वाळ्याच्या ताट्या दर वर्षी बदलतात. परवा पाणी भरताना बाबांच्या हाताला झिणझिण्या आल्या म्हणे, पण त्यांचं म्हणणं, "एवढा करंट तर लोखंडी कूलरले राहतेच."

तर मेकॅनिकला नेमकं काय विचारू? आणि वर्षभरात कधी काय करून घ्यावं?

प्रतिसाद १

ताई, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ते पहिलं करा. आत्ता फोन लावा आणि कूलरचा प्लग काढायला सांगा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओला हात, ओली फरशी आणि लोखंडी पत्रा, अशाने दर उन्हाळ्यात माणसं जातात. इलेक्ट्रिशियनकडून पंपाची वायर आणि मोटर तपासून घ्या, आणि तीन पिनांच्या सॉकेटमध्ये खरंच अर्थिंग आहे का तेही. जुन्या घरांत तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट अंगातून किंवा पत्र्यातून गळायला लागताच वीज तोडणारा स्विच. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, झिणझिण्यांच्या करंटला तो पडत नाही.

आता गॅस. फ्रिजमध्येही गॅसच असतो, तो दर वर्षी कोण भरतं? कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, नाहीतर तो कमी झालेलाच नाही. बर्फ दोन्ही कारणांनी धरतो, फिल्टर-कॉइल तुंबल्यानेही आणि गॅस घटल्यानेही. म्हणून आधी एसी बंद करून बर्फ वितळू द्या, फिल्टर धुवा आणि पुन्हा लावून बघा. तरी धरला तर मेकॅनिकला विचारा, "लीक कुठे आहे ते दाखवता का?" नायट्रोजनचं प्रेशर, जोडांना साबणाचा फेस, दुरुस्ती, मग नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप, आणि शेवटी गॅस वजनकाट्यावर. किती ग्रॅम ते बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर छापलेलं असतं. जो काटा आणत नाही त्याला परत पाठवा.

प्रतिसाद २

गीझरचा थर्मोस्टॅट कितीवर आहे? आमच्याकडे ७५ वर होता. पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षार जास्त बसतो. ५५ वर आणल्यापासून तडतड थांबली. दिवाळी झाली की टाकी उघडून साफ करून घेते, तेव्हाच मॅग्नेशियमचा रॉड बघते. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. आमचा दोन वर्षांत पेन्सिलीएवढा उरला होता. मेकॅनिक आपणहून याचं नाव काढत नाहीत.

कूलर चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने जगतात. पावसाळा लागला की टाकी घासून कोरडी करून झाकून ठेवा. दमट हवेत कूलरने नुसती चिकचिक होते.

प्रतिसाद ३

एसी १८ वर लावून झोपत असतील, विचारा. २४-२५ आणि जोडीला पंखा पुरतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आठवड्यानंतर लिहितेय.

कूलरच्या पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. अर्थिंग नव्हतंच. दोन्ही झालं, आरसीसीबीही बसला. बाबा त्या दिवसापासून गप्प आहेत.

फिल्टर धुऊनही बर्फ धरला. दुसरा मेकॅनिक बोलावला, मी व्हिडिओ कॉलवर होते. बाहेरच्या युनिटच्या फ्लेअर नटला (तांब्याच्या नळीचं पसरट तोंड आवळणारा नट) फेस लावला आणि पाचेक सेकंदांत मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक. तीन वर्षांचे पैसे तिथून जात होते! फ्लेअर नवा करून, व्हॅक्यूम काढून वजनावर गॅस भरला.

आणि हो, १८ वरच लावत होते.

गीझरचा थर्मोस्टॅट आतल्या बाजूला आहे, झाकण उघडावं लागतं. दिवाळीला मी घरी गेले की समोर उभी राहून ते करून घेईन. बोअरच्या पाण्यासाठी कुणी घराच्या इनलेटला सॉफ्टनर (मिठावर चालणारं, पाण्यातला क्षार काढणारं यंत्र) बसवलाय का? मीठ किती लागतं?