रँकिनबाईंचं राजकारण युद्धापुरतं नव्हतं

जॅनेट रँकिन ही अमेरिकी संसदेत निवडून गेलेली पहिली स्त्री. पण तिची चर्चा बहुधा 'दोन्ही महायुद्धांत उतरायला नाही म्हणणारी बाई', एवढ्यावरच थांबते. तिच्या मोंटाना या अमेरिकी राज्याचा विचार केल्याशिवाय हे चित्र अर्धवटच राहतं.

मोंटानात बायकांना मताधिकार मिळाला 1914 मध्ये. त्या चळवळीत ती गावोगाव फिरली होती. 1916 ला संसदेच्या खालच्या सभागृहातल्या राज्याच्या दोन्ही जागांसाठी मतदान राज्यभर एकत्रच होत असे, त्यामुळे ती ओळख थेट मतांत उतरली. भाऊ वेलिंग्टन वकील, पैसेवाला. प्रचाराची सूत्रं त्याच्याकडे. पण 1917 ला पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या बाजूने मत दे, असं त्याने सांगूनही बाईंनी ऐकलं नाही! तेव्हा विरोधात तब्बल 50 मतं होती, हे मात्र सगळे सोयीस्कर विसरतात.

माझ्या मते तिला खरं महागात पडलं ते मोंटानातल्या ब्यूट या खाणींच्या गावचं प्रकरण. जून 1917 मध्ये तिथल्या तांब्याच्या खाणीत आग लागून 160 हून अधिक कामगार गेले. संप झाला आणि बाई उघडपणे कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. राज्यावर अ‍ॅनाकोंडा या तांबेखाण कंपनीची पकड होती, तिच्याशी हे थेट वैर. पुढे राज्याचे दोन मतदारसंघ पाडले गेले, बाई रिपब्लिकन आणि त्यांचा भाग विरोधी डेमोक्रॅटांचा निघाला. मग 1918 ला त्या सिनेटला, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाला, उभ्या राहिल्या आणि हरल्या.

पुढे त्या पुन्हा खालच्या सभागृहात निवडून आल्या. 1941 ला जपानविरुद्धच्या युद्धावर मतदान झालं, तेव्हा मात्र 388 विरुद्ध 1, आणि ते एक मत बाईंचं. मतदानानंतर जमावापासून वाचायला टेलिफोन बूथमध्ये शिरावं लागलं. पुढे गांधीविचारांच्या ओढीने त्या भारतातही अनेकदा आल्या. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहा.