खोकल्यापासून पुढचं

जयंतकाका, ५०१: ओंकारच्या आग्रहाखातर काल आम्ही सात जण त्या 'प्रयोगशील पॉप आणि इलेक्ट्रॉनिक' संध्याकाळीला जाऊन आलो. दोन तास. डोकं अजून घुमतंय. जे आले नाहीत ते सुटले.

मीनल, २०३: काका, पहिल्या रांगेत शेवटपर्यंत तुम्हीच तर बसला होतात!

जयंतकाका, ५०१: मधून उठायचं तर सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागले असते.

वसुधाकाकू, ४०२: मला ती हवेत हात फिरवणारी मुलगी फार आवडली. समोरच्या वाद्याला स्पर्शसुद्धा नाही. उजवा हात उभ्या दांडीजवळ गेला की स्वर चढतो, डावा हात कडीजवळ नेला की आवाज कमी होतो. आणि मींड काय सलग! मी तर डोळे मिटून ऐकत होते.

ओंकार, ६०४: काकू, ते थेरेमिन. लेव्ह थेरेमिन नावाच्या रशियन संशोधकानं १९२० च्या सुमारास बनवलेलं. आत दोन ऑसिलेटर असतात, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारी सर्किटं, दोन्ही इतक्या वरच्या वारंवारतेचे की कानाला कळत नाहीत. एक स्थिर, दुसरा हाताच्या अंतरानं जरासा हलतो. दोघांतला फरक तेवढा आपल्याला ऐकू येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित हुकल्या की जी लहर येते ना, त्याच जातीचं प्रकरण.

वसुधाकाकू, ४०२: म्हणून तो समोरचा छोटू पुढे झुकला तेव्हा तिचा सूर सटकला होय? मला वाटलं तीच चुकली.

ओंकार, ६०४: छोटूच. जवळ आलेलं कुठलंही अंग त्या सर्किटचा भाग होतं. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, बोट टेकवायला काही नाही. सगळी भिस्त कानावर.

जयंतकाका, ५०१: ते मान्य. पण खेळण्यांची पोटं फाडून बसलेला तो इसम? बोलक्या अस्वलाला तारेनं टोचतोय आणि ते केकाटतंय. याला संगीत म्हणायचं?

शिरीष, ३०१: त्याला सर्किट बेंडिंग म्हणतात, काका. अशा बऱ्याच खेळण्यांत एक रोधक, म्हणजे वीजप्रवाह अडवणारा छोटा भाग, आवाजाचा वेग ठरवतो. तो बदलला की चाल आणि पट्टी दोन्ही उतरतात, अस्वलाचा राक्षस होतो. बाकी तारेनं दोन टोकं जोडल्यावर काय निघेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. खरं सांगू? मलाही त्यातलं निम्मं फुकट गेल्यासारखं वाटलं. पण शेवटी बॅटरी बसत गेली आणि अस्वल हळूहळू खर्जात उतरलं, तेव्हा सभागृहात कुणी हललं नाही.

मीनल, २०३: मी रडले हो अस्वलासाठी. हसू नका.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीविषयीच बोलावे.

वसुधाकाकू, ४०२: सात सभासद गेले होते, म्हणजे सोसायटीविषयीच आहे.

जयंतकाका, ५०१: आणि ती चंदेरी डबी? तासभर टुंईंग टुंईंग.

ओंकार, ६०४: काका, अकरा मिनिटं होती ती. आणि त्या डबीची गंमत ऐका. टीबी-३०३, रोलँड कंपनीची, खर्जातले सूर वाजवणारी सिंथेसायझरची डबी. एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढली. पण आवाज बेस गिटारसारखा येईना आणि सूर भरायची पद्धत डोकेफोड. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली, शिकागोच्या पोरांनी फिल्टरची, म्हणजे आवाजाचा पोत बदलायची, बटणं नको तितकी पिळली आणि त्या चिरकण्यातून १९८७ च्या सुमारास अॅसिड हाउस नावाचं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत निघालं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, आपल्या चरणजित सिंग यांनी हीच डबी घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते.

जयंतकाका, ५०१: चरणजित सिंग? ते हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे ते?

ओंकार, ६०४: तेच. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चक्रावले. माझं मत विचाराल तर या डबीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, म्हणून ती रागाला मानवली. काकूंची मींडच की ही.

जयंतकाका, ५०१: हे कालच सांगायचं होतंस. मी टुंईंगमध्ये राग शोधला असता.

मीनल, २०३: सगळे मुद्द्याचं टाळताय. शेवटच्या गायिकेनं माइक प्रेक्षकांकडे फिरवला तेव्हा खोकलं कोण?

शिरीष, ३०१: हाहा, तो खोकला लूपमध्ये अडकला, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला. चार मात्रांत नेमका तिसरीवर. मग त्यावर तिनं टाळी चढवली, मग श्वास, मग स्वतःचाच आवाज तीनदा. पुढची सहा-सात मिनिटं सगळं गाणं त्या खोकल्यावर उभं होतं.

वसुधाकाकू, ४०२: आणि लोक त्यावर डोलत होते. मीसुद्धा.

मीनल, २०३: काका?

मीनल, २०३: दोन निळ्या खुणा दिसताहेत हं.

जयंतकाका, ५०१: घसा खवखवत होता.

जयंतकाका, ५०१: ओंकार, कुणी रेकॉर्डिंग केलं होतं का रे? सगळं नको. खोकल्यापासून पुढचं.