मणक्याला मार, पण पोट का बिघडलं? पाच दिवस बंद, मग एकदम पातळ

सड्यावरची
दादा एप्रिलमध्ये आंबे काढताना झाडावरून पडला. डी-१२, म्हणजे छातीमागचा बारावा मणका मोडला, ऑपरेशन करून रॉड घातलेत. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही. घरी आणून अडीच महिने झाले. लघवी नळीवर आहे, त्याची सवय झाली. वैताग आहे तो संडासचा. चार-पाच दिवस काहीच नाही, पोट ढोलासारखं होतं, जेवण नको म्हणतो. मग कधीही, अगदी व्यायाम चालू असताना, पातळ होतं. त्याला कळत नाही, आम्हाला वासावरून कळतं. गेल्या आठवड्यात दिवसात चारदा झालं म्हणून मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणली. जुलाब थांबले, पण पोट आणखी फुगलं आणि काल उलटी झाली. रोज रात्री दोन चमचे इसबगोल देतोच आहोत. पोटाला तर काही लागलं नव्हतं, मग असं का? आई सगळं करते. मी खोलीत गेले की दादा तोंड भिंतीकडे फिरवतो.

चाकांवरचा
ताई, ती गोळी आधी बंद करा. आणि पोट टम्म, वर उलटी म्हणजे आजच्या आज डॉक्टर, उद्यावर ढकलू नका. त्याला पोटात दुखलं तरी नीट कळणार नाही, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

तो जुलाब नव्हताच बहुतेक. तुमच्याकडे पावसात वहाळात दरड आली की पाणी कडेकडेने वाट काढतं ना, तसं. आत खडा बसलाय आणि मागचं पातळ त्याच्या बाजूने झिरपतंय. मीही यात फसलोय म्हणून सांगतो.

माझा डी-४, २०१२ सालचा, घाटात टेम्पो उलटला होता. पहिले काही दिवस डॉक्टर माझ्या पायांपेक्षा पोटालाच जास्त वेळा स्टेथोस्कोप लावायचे. आतडी गप्प झाली होती, नाकातून नळी, पाणीसुद्धा तोंडाने नाही. नंतर आवाज आला तेव्हा सिस्टरला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

आतडं मेलेलं नसतं. त्याच्या भिंतीत त्याचं स्वतःचं नसांचं जाळं असतं, ते शाबूत राहतं. जठर, लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा बराच भाग व्हेगस नसेच्या ताब्यात असतो. ती मेंदूतून थेट खाली येते, पाठीच्या कण्यातून नाही. म्हणून भूक लागते, जेवण पचतं. अडतं ते शेवटच्या टप्प्यात, डावीकडचं आतडं आणि गुदाशय. त्यांच्या नसा मज्जारज्जूच्या पार तळातून, एस-२ ते एस-४ या शेवटच्या भागांतून निघतात. वरचा निरोप तिथे पोचत नाही, तिथली खबर वर येत नाही. माल रेंगाळतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, आणि खडे होतात.

इसबगोल दोन चमचे, पण पाणी किती? नळीचा त्रास नको म्हणून पाणी तोडलं असेल तर इसबगोल आत लगदा होऊन बसतो. मी हेच केलं होतं, वर हौसेने सॅलड.

मला ताळ्यावर आणलं घड्याळाने. पहाटे साडेपाचला गरम चहा आणि भाकरी. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, तो वेळ पकडायचा. वीस मिनिटांनी कमोडची खुर्ची. हातमोजा, जेली, एक बोट आत, हलकेच गोल, पंधरा-वीस सेकंद. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा. एक दिवसाआड, पाऊण तास. पाहुणे असोत नाहीतर गणपती, वेळ तीच. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन वेळा चुकवलं, तर डोक्यात घण बसायला लागले, चेहऱ्यावर घाम, बीपी आभाळाला. डी-६ किंवा त्यावर मार असलेल्यांना हे होतं आणि जिवावर बेतू शकतं. तुमच्या दादाचा मार खाली आहे, त्याला ही भीती नाही.

रात्रपाळी
मी नर्स आहे. चाकांवरच्या दादांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण ते डी-४ चं. डी-१२ ला लगेच लागू करू नका. मज्जारज्जू साधारण एल-१, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो. म्हणजे डी-१२ च्या हाडाच्या आसपास त्याचं शेपूटच असतं, आणि एस-२ ते एस-४ तिथेच. त्यालाच मार बसला असेल तर गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो, बोट फिरवून आतडं ढकलत नाही, सपोझिटरीचाही (खालून घालायच्या गोळीचा) फारसा उपयोग होत नाही. अशांना रोज बोटाने हळूच काढावं लागतं आणि शी मऊ नाही, जरा घट्टच ठेवायची, नाहीतर गळते. कुठला प्रकार ते डॉक्टर बोटाने तपासून सांगतील. लघवीसाठी किंवा दुखण्यासाठी गोळ्या चालू असतील तर त्यांचीही नावं दाखवा, त्यातल्या काहींनी आणखी बद्धकोष्ठ होतं. घरी करणाऱ्याची नखं कापलेली हवीत, मोजा असला तरी. रक्त दिसलं तर थांबायचं.

सड्यावरची
त्याच दिवशी नेलं. एक्स-रेत पोट गच्च भरलेलं. खालून एनिमा, काही हाताने काढलं, दोन दिवस ठेवून घेतलं. तपासल्यावर स्नायू सैल निघाला, म्हणजे इथे रात्रपाळी सिस्टर म्हणाल्या तो प्रकार. इसबगोल अर्ध्या चमच्यावर आणलाय, पाणी मोजून. सकाळी पेज खाल्ली की अर्ध्या तासाने डाव्या कुशीवर घेतो.

चाकांवरचा दादा, एक विचारायचं होतं. तुमचं कोण करतं?

चाकांवरचा
पहिलं दीड वर्ष आई. मग मीच. खुर्चीच्या बैठकीला बाजूने खाच आहे, तिथून हात जातो. दादाचे हात चांगले आहेत ना? मग त्यालाच शिकवा. मला रात्री फोन करू दे, नंबर निरोपात टाकतो. तुम्ही खोलीत नसाल तेव्हा.