मदत हवी आहे : हार्टलँडच्या हँक ॲरन पुतळ्याला व्हिनेगरचा वास येतो आहे

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील हार्टलँड प्लास्टिक्स या कंपनीने १९५८ ते १९६३ या काळात १८ बेसबॉलपटूंचे जे पुतळे काढले, त्यांपैकी मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाच्या हँक ॲरनचा एक पुतळा माझ्या संग्रहात आहे. बॅट शाबूत आहे, रंग मूळचाच आहे आणि पांढरा गणवेश थोडा पिवळसर झाला आहे. ते वयाचे लक्षण मला प्रियच वाटते, त्यामुळे पांढरेपणा परत आणण्याचे उपाय नकोत.

खरी चिंता वासाची आहे. हे पुतळे सेल्युलोज ॲसिटेटचे असून, हे प्लास्टिक दमट व उष्ण हवेत विघटित होऊ लागले की ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरचा वास याचाच) बाहेर पडते आणि तेच आम्ल पुढील ऱ्हासाला वेग देते. मी पुतळा कोरड्या मऊ ब्रशने पुसला, ॲसिटोन किंवा अन्य द्रावक अजिबात लावले नाही, आणि काचेच्या बंद कपाटातून काढून तो इतर पुतळ्यांपासून वेगळा ठेवला. चिकटपणा, तडे किंवा वाकलेपणा अजून दिसत नाही. वातानुकूलित खोली आहे, पण वेगळे शीतगृह परवडणारे नाही.

अशा स्थितीत पुतळा हवेशीर उघड्या फळीवर ठेवावा, की सक्रिय कोळसा (वास व वाफा शोषून घेणारा) घातलेल्या बंद पेटीत?