आयर्विन पुलाची पातळी वर्गात शिकवावी की नाही?

नदीकाठची बाई:
पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आयर्विनला किती झालं?’ म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे चौथीच्या पोरालाही तोंडपाठ. तेच पोर वर्गात मोजमापाचा धडा काढला की गप्प बसतं. म्हणून माझं म्हणणं, जुलै-ऑगस्टमधला एक आठवडा पहिली ते सातवी सगळ्या वर्गांनी हाच एक विषय घ्यावा.

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. गेल्या वर्षी करून बघितलं. दुसरीच्या मुलांनी सुतळीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि ४५ गाठींची सुतळी वर्गाच्या दारातून मैदानात अंथरत नेली. ती पाण्याच्या टाकीच्याही पुढं गेली. तिथं उभं राहून एकानं विचारलं, “बाई, एवढं पाणी उभं असतंय?” फळ्यावर लिहून हे कळलं नसतं.

सहावीनं रोजची पातळी आलेखावर मांडली. सातवीला एक गणित घातलं: टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. कोयनेतून १ लाख क्युसेकनं पाणी सुटलं तर १ टीएमसी जायला किती वेळ लागेल? उत्तर १० हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून जरासं जास्त. पोरांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं. बातम्यांत रोज ऐकलेले दोन शब्द त्यांना पहिल्यांदा एकमेकांशी जोडता आले. भाषेच्या तासाला घरच्या थोरल्यांना विचारून २००५ आणि २०१९ च्या पुरावर लिहायला सांगितलं. तुम्हाला काय वाटतं?

मिरजेचा गणित शिक्षक:
स्पष्ट बोलतो, मला पटलं नाही. पुस्तकात सेंटिमीटर आणि मीटर आहे. दुसरीच्या पोराला फूट दाखवलं की तिसरीत आम्ही ते निस्तरत बसायचं. शिवाय एक आठवडा म्हणजे गणिताच्या सहा तासिका. पाढे कच्चे असताना आलेख काढून घेणं म्हणजे पाया सोडून माडी बांधणं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पुलावर प्रश्न येत नाही, भागाकारावर येतो.

पाटणचा द्विशिक्षकी:
सर, तुमच्याकडं वर्गाला एक शिक्षक असेल. आमच्याकडं चार वर्गांना दोघं. पहिलीला अक्षर गिरवायला दिलं की चौथी वाऱ्यावर. एकच सुतळी पहिलीनं मोजली, तिसरीनं बेरीज केली, चौथीनं मीटरमध्ये फिरवली, तर माझे चारही वर्ग एका वेळी कामाला लागतात. मला तर ही कल्पना फार लागू पडते.

पूर पाहिलेला बाप:
पलूसकडच्या गावातला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या दोन म्हशी गेल्या. दिवाळीनंतर मुलीच्या शाळेत ‘मी पाहिलेला पूर’ असा निबंध घातला. पोरगी पान कोरं ठेवून बसली आणि घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. बाई, तुमचा हेतू चांगला आहे, पण ज्याच्या छातीएवढं पाणी आलं होतं त्याला ते आठवायला लावू नका.

नदीकाठची बाई:
दादा, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लिखाणाचा भाग मी काढते. आकडा मुलांना आधार देतो असा माझा अनुभव आहे, पण आठवण सांगायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्या तासाला हळदीचे कागद करू. हळद कालवून कागद रंगवायचा, वाळला की साबणाचं पाणी लावायचं. कागद लालसर होतो, लिंबू लावलं तर पिवळाच राहतो. आम्ल आणि आम्लारी सातवीला डोळ्यांसमोर दिसतं, आणि हळद घराघरात आहे.

जतकर:
सगळा जिल्हा नदीकाठी नाही हो. माझ्या गावातल्या पोरांनी कृष्णा बघितली ती म्हैसाळ योजनेच्या कालव्यात, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवलेली. त्यांना आयर्विन म्हणजे बातमीतला शब्द. आमच्याकडं बेदाण्याच्या शेडवर चला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मी सहावीला गुणोत्तर तिथंच शिकवलं. घरी तोल करणारी पोरं माझ्या आधी उत्तर सांगत होती. तुमच्या पुलाचा पाठ परिपत्रकासारखा सगळीकडं लादला तर मी विरोध करीन.

मिरजेचा गणित शिक्षक:
जतकरांचं गुणोत्तर मान्य, कारण ते पुस्तकातल्या धड्यातच बसतं. टीएमसीचं गणितही मी सातवीला घालून बघतो, त्यात घनमापन आणि भागाकार दोन्ही आहे. पण आठवडा देणार नाही, दोन तासिका देईन. आणि बाई, दुसरीच्या सुतळीवर गाठी मीटरच्या मारा.

नदीकाठची बाई:
पूल फुटात बोलतो सर, म्हणून फुटाच्या गाठी राहणार. त्याच सुतळीला लाल दोऱ्यानं मीटरच्या खुणा करते. ४५ फुटांत १३ लाल खुणा बसतात आणि साधारण ७२ सेंटिमीटर सुतळी शिल्लक राहते. ती शिल्लक तिसरीला पट्टीनं मोजायला देते.