तोहाकूचे पाइनवृक्ष: मूळ पेटीत आणि प्रत समोर, चालेल का?

उएनोवाला
धागा भांडणासाठीच काढतोय, आधीच सांगतो.

तोक्योच्या उएनो भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपानी चित्रकार हासेगावा तोहाकूचे 'पाइनवृक्ष' आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरचे, सहा-सहा पाखांचे दोन घडीचे पडदे, एकेक साडेतीन मीटर लांब. रंग नाहीच, नुसती काळी शाई. धुक्यात उभी झाडं, बस्स. राष्ट्रीय ठेवा म्हणून एरवी पेटीत असतात, नव्या वर्षाच्या सुमारास थोडे दिवस बाहेर येतात.

2017 साली तिथेच त्यांची हुबेहूब प्रत मांडली होती. चपला काढायच्या, तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, बसायचं, मध्ये काच नाही. मी अर्धा तास हललो नाही. पुढे मूळ पडदे पाहिले ते पाच मिनिटं, मग मागच्यांसाठी मीच बाजूला झालो. खरं सांगू? प्रत जास्त भिडली.

आणि असे ठेवे वर्षाला साधारण 60 दिवसच मांडायचे, हा दंडक कशाला? ही शाई म्हणजे काजळी आणि सरस. काजळी कधी उजेडाने उडाली आहे का?

गंध_उगाळणारी
शाई उडत नाही, कबूल. पण तुम्ही बघताय कुठे?

दोन वर्षं ही चित्रकला शिकतेय. शाईची कांडी दगडावर पाण्यात उगाळायची, सहाणेवर गंध उगाळतो तशी. पहिल्याच दिवशी कळलं की पांढरा रंग डबीत नसतोच. पांढरं म्हणजे कागद. आता सांगा, तोहाकूचं धुकं कुणी काढलंय? कुणीच नाही. तो कोरा कागद आहे, आणि कागद उजेडाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो. झाडं राहतील हो, धुकं जाईल. त्या पडद्यांत अर्ध्याहून जास्त धुकंच आहे!

उएनोवाला
ताई, हा मुद्दा बिनतोड. पण मग मूळ अजिबातच काढू नका ना. माझंच म्हणणं झालं की हे.

वेरूळ_पॅसेंजर
प्रतीवर इतका भरवसा? आपल्या अजिंठ्याचं काय झालं ते ऐका. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने वर्षानुवर्षं खपून तिथल्या भित्तिचित्रांच्या केलेल्या प्रती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी नव्या प्रती करायला बसले. त्यातल्याही पुष्कळ 1885 मध्ये लंडनलाच जळल्या. मग जपानी चित्रकार आराई काम्पो आला, त्याच्या चमूने 1917-18 च्या हिवाळ्यात नकला केल्या. त्या तोक्योला नेल्या आणि 1923 च्या भूकंपातल्या आगीत खाक.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, 1 सप्टेंबरला, उएनोत चित्रकार योकोयामा ताइकानची शाईने काढलेली 40 मीटर लांब चित्रगुंडाळी पहिल्यांदाच लोकांसमोर मांडली होती. ती वाचली. पेटीबाहेर होती ती.

उएनोवाला
हा नशिबाचा भाग झाला. आणि त्या प्रती हाताने केलेल्या, एकेकच. आता दहा काढा, दहा गावांत ठेवा.

वेरूळ_पॅसेंजर
ठेवा की. पण प्रत काढताना मुळाला हात लागतो, तेही लक्षात असू द्या. चित्रं नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या वेळी भिंतींवर व्हार्निश फासलं. प्रती जळाल्या, व्हार्निश मात्र भिंतीवर राहिलं, पिवळं पडत.

गंध_उगाळणारी
आताची प्रत फोटोवरून होते आणि फोटोला व्हार्निश लागत नाही, तेवढा न्याय उएनोवाल्यांना द्यायला हवा. तरी मी मुळाच्याच बाजूची. जवळ गेलं की तिथे झाड नसतंच, कुंचल्याचे नुसते रागीट फटकारे. चार पावलं मागे आलं की पुन्हा झाड. त्या फटकाऱ्यांमागे माणूस उभा होता. तोहाकूचा मुलगा क्यूझो, तोही चित्रकार, 1593 मध्ये ऐन पंचविशीत गेला. पडदे त्यानंतरचे असं बरेच जण धरून चालतात. मी पुरावा मागत नाही, फटकारे बघते.

उएनोवाला
कथा कळली की चित्र भिडतंच. माझी प्रत कथेशिवाय भिडली होती!

दिवाणखाना
मध्येच एक काडी टाकतो. त्या पडद्यांच्या कागदाचे जोड नीट जुळत नाहीत, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हा मुळात कच्चा खर्डा असावा, नंतर कुणी पडद्यांवर चढवलेला. मग तुम्ही सगळे कशाला मूळ म्हणताय?

गंध_उगाळणारी
दिवाणखाना, तुम्हाला आत कुणी घेतलं? आता खर्डा विरुद्ध प्रत असा वेगळा धागा काढा, तिथे येते.