तालुका बास्केटबॉल लीग सोडायची की सांभाळायची, आणि कोर्टावरचे सोयाबीन

टेबलावरचा

गेल्या आठवड्यात 'जुना पॉइंट गार्ड' यांनी इथे लिहिले की आपली तालुका लीग केव्हाच मेली आहे, आठांचे पाच संघ झाले आहेत, आणि जे अजून तिच्यासाठी राबतात ते मढ्याला अत्तर चोळत आहेत. त्या चोळणाऱ्यांपैकी मी एक आहे. नऊ दिवाळ्या मी त्या कोर्टाच्या कडेला टेबल मांडून स्कोअरशीट भरली आहे, तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

त्यांनी सांगितलेली परिस्थिती खरी आहे. गेल्या दिवाळीत दोन सामन्यांत पुढे चाल द्यावी लागली. एका सामन्याला तर संघाचे चारच खेळाडू आले, आणि पाचवा म्हणून पंचाच्या मेव्हण्याला उतरवू द्या अशी विनंती झाली, ती मी नाकारली आणि त्या गावात अजून मला कोणी चहा विचारत नाही. यंदा आपणही सोडावे की काय, हा विचार माझ्याही मनात आहे. मात्र माझे कारण त्यांच्याहून निराळे आहे. ते विचारतात की या लीगमधून राज्य संघात कोण गेले. मी विचारतो की आदल्या संध्याकाळी चुन्याने रेषा मारायला, जाळी बांधायला, आणि चौथा फाउल कोणता व पाचवा कोणता यावरून दोन्ही संघांच्या शिव्या खायला माणसे कुठून आणायची. अशी आम्ही तिघेच उरलो आहोत, त्यांतील एकाला मोतीबिंदू झाला आहे. संघ पाचाचे चार झाले तरी लीग होईल. टेबलाशी माणूस नसेल तर आठ संघ येऊनही होणार नाही.

दुसरे दुखणे कोर्टाचे. नागपूर-पुण्याला गेलेली मुले दिवाळीत घरी येतात म्हणून लीग दिवाळीत, आणि नेमके तेव्हाच २८ बाय १५ मीटरच्या त्या सिमेंटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन वाळत असते. गेल्या वर्षी सामन्याआधी दोन तास मी फ्री-थ्रो रेषेजवळच्या सांध्यात रुतलेले दाणे दाभणाने एकेक करून उकरत होतो, कारण खराट्याने ते निघत नाहीत, आणि बुटाखाली आलेल्या एका दाण्याने एका चांगल्या खेळाडूचा गुडघा कायमचा गेलेला मी पाहिला आहे. कोर्ट खेळासाठी आहे, हे ग्रामसभेने एकदाचे ठरवून टाकावे.

जुना पॉइंट गार्ड

तो गुडघा माझा होता, हे लिहायला आपण का संकोचलात ते कळले नाही. मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पोत्यांवर आडवे टाकून तालुक्याला नेले होते आणि वाटेत चालकाने डिझेल भरायला गाडी थांबवली होती, हेही लिहायला हरकत नव्हती. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर सात महिने मी काठी घेऊन बँकेत जात होतो. तेव्हा लीगवर माझा राग आहे तो घरबसल्या आलेला नाही.

आता मुद्दा. पैसा, दूरचित्रवाणी आणि परदेशी खेळाडू असूनही भारतातली यूबीए प्रो बास्केटबॉल लीग २०१५ ते २०१७ एवढीच चालली. चार हंगामांत तिचा कारभार आटोपला. जे त्यांना जमले नाही ते आपण चुन्याची पिशवी आणि वेल्डिंगवाल्याने वाकवून दिलेल्या कडीवर करणार आहोत? सतनाम सिंगचे नाव कृपया कोणी काढू नये. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा मुलगा २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या लीगमधील डॅलस मॅव्हरिक्स संघाने निवडला हे मला पाठ आहे. पण तो सात फूट दोन इंच उंच होता, त्याला उंचीने लुधियानाच्या अकादमीत आणि तिथून अमेरिकेत नेले, कुठल्या तालुका लीगने नव्हे. आपल्याकडे सहा फुटांचा मुलगा दिसला की लोक त्याला पोलीस भरतीचा फॉर्म आणून देतात.

वाळवणारा शेतकरी

'टेबलावरचा' यांनी लीगविषयी काहीही लिहावे, पण 'कोर्ट खेळासाठी आहे' हे वाक्य मला झोंबले आहे. मी स्वतः सहा वर्षे सेंटर खेळलो आहे, म्हणून माझे नीट ऐकून घ्यावे.

हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन नेले की आधी आर्द्रता मोजतात. १२ टक्क्यांच्या वर काटा गेला की माल परत. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात व्यापारी चार हजारांच्या आसपास बोलत होते; म्हणजे क्विंटलमागे आठ-नऊशे रुपयांचा प्रश्न दोन-तीन टक्के ओलाव्यावर लटकलेला. केंद्र सरकारने त्या नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली खरी, पण तोवर गरजू माणसाने माल विकून दिवाळी केली होती. परतीचा पाऊस येऊन गेलेला असतो, शेतातली जमीन ओली असते, घरासमोरचे अंगण हातभर असते. डांबरी रस्त्यावर पसरले तर दुचाकीवाला घसरून पडतो आणि खडी मालात मिसळते. गावात सपाट, कोरडी, दिवसभर तापणारी जागा एकच आहे. मी भल्या पहाटे पोती ओततो, तासातासाला पायाने सऱ्या ओढून दाणा परततो, आणि सूर्य कलला की ताडपत्री घालतो. या कामाला आपण 'दुखणे' म्हणता.

आणि ते कोर्ट होण्याआधी तिथे काय होते, हे आपल्याला आठवत नसेल तर वडिलांना विचारा. तिथे गावाचे खळे होते. ज्वारीची कणसे तिथेच मळली जात. निधी आला, सिमेंट पडले, फलक लागला, आणि खळे कोर्ट झाले. आक्रमण कोणी कोणावर केले?

टेबलावरचा

खळ्याचे मला माहीत नव्हते असे नाही. पण खळे म्हणून निधी मिळाला नसता, कोर्ट म्हणून मिळाला, आणि त्या सिमेंटचा फायदा आपण घेता. वर्षातले फक्त चार दिवस मागतो आहे.

वाळवणारा शेतकरी

तेच चार दिवस माझेही असतात. लीग जानेवारीत घ्या, तेव्हा कोर्टावर माझा एक दाणा असणार नाही.

जुना पॉइंट गार्ड

जानेवारीत कोर्ट मोकळे आणि गावही मोकळे. खेळणार कोण, बोर्डाचे खांब?

निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक

आपण सर्व माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे असाल म्हणून स्पष्ट लिहितो. मूळ चूक कोर्ट बांधण्यात झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीचे आणि देशी व्यायामांचे प्रात्यक्षिक दाखवले. हा आपला वारसा. कबड्डीला १३ बाय १० मीटर माती पुरते, कडी लागत नाही, चेंडू लागत नाही, त्यात हवाही भरावी लागत नाही. शाळांतून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. माझ्या जागी आज गणिताच्या शिक्षकांकडे शिट्टी दिलेली आहे आणि ते 'खेळाचा तास' म्हणून मुलांकडून पाढे म्हणवून घेतात. वर सवलतीच्या गुणांसाठी प्रमाणपत्र मागायला मात्र पालक माझ्या घरी येतात, ज्यांच्या मुलाने आयुष्यात घाम पुसलेला नाही. या विषयावर कोणी बोलत नाही आणि सोयाबीनवर भांडता.

पटाचा शौकीन

गुरुजी, कबड्डीही राहू द्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पाहायला लोक ट्रॅक्टर भरभरून जातात. तळेगाव दशासरला एकदा जाऊन बघा. आपल्या लीगच्या अंतिम सामन्याला मी होतो. प्रेक्षकांत माझ्याखेरीज एक बकरी होती आणि ती मध्यंतरात निघून गेली.

सहा नंबरचा चेंडू

आतापर्यंत पाच जणांनी लिहिले आणि त्या लीगमध्ये मुलींचेही सामने होतात, हे एकालाही आठवले नाही. आठवण करून देते. मुलींचे सामने दुपारी दोनला ठेवले जातात, कारण संध्याकाळी मुलांना 'क्राऊड' लागतो. ती बकरी आमच्या सामन्यालाही असते, तीसुद्धा बोर्डाच्या सावलीत. ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंट इतके तापते की चेंडू जमिनीवरून उचलला तर तळहाताला चटका बसतो. गेल्या वर्षी आमचा तिसरा क्वार्टर दहाऐवजी सहा मिनिटांचा केला, कारण पाहुणे लवकर येणार होते आणि मुलांचा सामना त्यांच्यासमोर सुरू व्हायचा होता. त्या वेळी घड्याळ 'टेबलावरचा' यांच्याच हातात होते.

'राज्य संघात कोण गेले' असे विचारणाऱ्यांनी छत्तीसगडकडे पाहावे. आपल्या गोंदियाच्याच रेल्वेमार्गावर पुढे राजनांदगाव आणि भिलाई आहेत. तिथल्या मुलींनी त्या राज्याला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्या मुली काही सात फूट दोन इंचांच्या नव्हत्या. तिथे रोज सराव होता, मार्गदर्शक होता, वसतिगृह होते. आपल्याकडे वर्षातून चार दिवस दिवाळीचा फराळ खाऊन सामना, आणि मग चर्चा की लीग का मरते.

माझ्यापुरते सांगते. बारावीनंतर माझे लग्न ठरवण्याची घाई चालली होती. लीगमध्ये आमचा संघ दुसरा आला, ढाल घरी आली, आणि वडिलांनी ती टीव्हीवर ठेवून पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. त्या ढालीने मला दोन वर्षे मिळवून दिली. तेवढ्यात मी पदवी पूर्ण केली. हा पुरावा नाही हे मला समजते, पण लीग बंद करा म्हणणाऱ्यांनी त्या दोन वर्षांची किंमत सांगावी.

टेबलावरचा

तिसऱ्या क्वार्टरचे खरे आहे. मला तसे सांगण्यात आले आणि मी ऐकले. 'वरून आदेश होता' हे उत्तर मी देणार नाही, कारण वर कोणीच नव्हते, आयोजक म्हणून मीच होतो. ताई, माफी मागतो.

आता एक सुचवतो, ते पूर्ण वाचल्याशिवाय हसू नये. आपण तीन-तीनची लीग घ्यावी. टोकियोपासून तो प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. तिघे खेळतात आणि एक राखीव, म्हणजे चौघे आले तरी संघ होतो, पंचाचा मेव्हणा लागत नाही. दहा मिनिटांचा किंवा आधी २१ गुण करील त्याचा सामना, तेव्हा मुलींचे आणि मुलांचे सामने आलटून-पालटून एकाच संध्याकाळी बसतात. एकच बोर्ड लागतो. आणि जागा लागते १५ बाय ११ मीटर. आपल्या कोर्टाचा अर्धा भाग १४ बाय १५ आहे. उरलेल्या अर्ध्यावर सोयाबीन वाळू द्या.

जुना पॉइंट गार्ड

हसणार नाही म्हटले होते, पण जमले नाही. अर्धे कोर्ट, अर्धा संघ, पाव सामना, आणि पलीकडे पोती. याला लीग म्हणायचे की वाटणीपत्र? पॉइंट गार्ड हा पाच जणांचा खेळ बांधतो. तिघांत त्याला काम काय?

सहा नंबरचा चेंडू

पाच हा आकडा काही वेदांत आलेला नाही, दादा. १८९१ मध्ये नेस्मिथ मास्तरांनी पहिला सामना लावला तेव्हा नऊ विरुद्ध नऊ खेळले, पीचच्या टोपल्या टांगून, आणि अख्ख्या सामन्यात एक बास्केट झाली. थंडीत मुलांना बंद हॉलमध्ये गुंतवायला काढलेला तो खेळ आपण उन्हात खेळतो, तेव्हा मूळ स्वरूप राखण्याची चिंता आपण करू नये. शिवाय तीन-तीनमध्ये पुरुषांनाही सहा नंबरचाच, म्हणजे मुलींच्या मापाचाच, चेंडू असतो. शेवटी आमच्याच मापावर आलात.

निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक

वजन मात्र सात नंबरच्या चेंडूचे असते, हे नमूद करावे. खेळ विदेशी असला तरी नियम अर्धवट सांगू नयेत. पंच लागला तर मी येईन. सवलतीच्या गुणांचे प्रमाणपत्र मात्र न खेळलेल्या कोणालाही मिळणार नाही.

वाळवणारा शेतकरी

अर्ध्याला माझी हरकत नाही, पण कोणता अर्धा? पूर्वेकडच्या बाजूला पिंपळाची सावली दुपारी तीनपासून येते. माल सावलीत वाळत नाही, म्हणून पश्चिमेकडचा मला हवा. मधल्या रेषेवर पोती उभी लावीन म्हणजे चेंडू ढिगात येणार नाही. आलाच तर उचलायला बूट घालून कोणी ढिगात शिरू नये, मला हाक मारावी.

टेबलावरचा

मान्य. सावली खेळाडूंना मिळते, आणखी काय हवे. टेबलाशी मी यंदा बसेन. आयोजक मात्र दुसरा शोधा, दोन्ही कामे एका माणसाकडे होती म्हणूनच तो क्वार्टर सहा मिनिटांचा झाला. अडचण एकच. तीन-तीनमध्ये आक्रमणाला १२ सेकंद असतात आणि आपले घड्याळ पाच जणांच्या खेळातल्या २४ शिवाय काही दाखवत नाही. घड्याळ नसेल तर शेवटचे पाच सेकंद पंचाने मोठ्याने मोजावेत. गुरुजी एका सामन्यानंतर थकतील. दुसरा मोजणारा हवा.

जुना पॉइंट गार्ड

उभे राहून मोजण्यासाठी गुडघा फार लागत नाही, एवढ्याच कारणाने मी शुक्रवारी येतो. खेळ टुकार झाला तर इथेच लिहीन, आणि तो टुकारच होणार आहे.

वाळवणारा शेतकरी

या. गुरुवारी संध्याकाळी पूर्वेकडचा भाग झाडून ठेवतो. सांध्यातले दाणे मात्र 'टेबलावरचा' यांनीच काढावेत, आणि गेल्या वर्षी त्यासाठी नेलेले माझे दाभण अजून परत आलेले नाही.